पद्मिनी: ब्रेक दाबला की डावा टेल लाइट विझतो, इंडिकेटर मिणमिणतो

कोकणी_पद्मिनी
मंडळी जरा मदत करा. १९८९ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, दिवाळीआधी पत्राकाम करून पूर्ण रंगवून घेतली आणि तेव्हापासून मागच्या लाइटांनी डोकं खाल्लंय. नुसते पार्किंग लावले तर दोन्ही टेल लाइट ठीक दिसतात, पण ब्रेक दाबला की उजवा नीट पेटतो आणि डावा जवळजवळ विझतोच, वर डावा इंडिकेटर पुढे-मागे दोन्हीकडे मिणमिणायला लागतो जो मी लावलेलाच नाही! पार्किंग बंद ठेवून डावा इंडिकेटर दिला तर डॅशबोर्डचे दिवे त्याच्याबरोबर लुकलुकतात. बल्ब नवीन टाकले, फ्यूज शाबूत. इथला इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग जुनं झालंय, सगळं नवीन टाकू, आणि आकडा असा सांगितलाय की घरी अजून बोललो नाही. खरंच बदलावं लागेल का? हेडलाइटपण पिवळट पडतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

नाना_वायरमन
वायरिंगला हात लावू देऊ नका. रंगकाम केलं म्हणालात तिथेच संशय आला, डाव्या दिव्याला अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला करंट परत जायचा जोड) मिळत नाहीये.

नुसतं पार्किंग का पेटतं ते आधी सांगतो, कारण तिथेच सगळे फसतात. टेल-ब्रेकचा बल्ब २१/५ वॅटचा, दोन फिलॅमेंट, अर्थ एकच. तो अर्थ तुटला की ५ वॅटच्या फिलॅमेंटमधून आलेला करंट परत जायला रस्ता शोधतो आणि २१ वॅटच्या फिलॅमेंटमधून ब्रेकच्या वायरने उलटा जाऊन उजव्या ब्रेक लाइटमधून अर्थला पोचतो. २१ वॅटवाल्याचा अडथळा इतका कमी की तो पेटत नाही आणि टेल मात्र जवळपास पूर्ण उजेड देतो, म्हणजे बघणाऱ्याला सगळं आलबेल. ब्रेक दाबला की तो रस्ता बंद, कारण त्या वायरवर आता १२ व्होल्ट आला. मग करंट त्याच दिव्यातल्या मागच्या इंडिकेटरमधून पुढच्या इंडिकेटरला आणि तिथून अर्थ. म्हणून दोन्ही मिणमिणतात. डॅशबोर्डचं लुकलुकणंही तेच, इंडिकेटरचा करंट टेलच्या फिलॅमेंटमधून पार्किंगच्या लाइनीत घुसतो.

आता एवढंच करा. चांगली लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसपर्यंत नेता आलं तर उत्तम, नाहीतर डिकीत कुठेतरी पत्रा चकचकीत खरवडून तिथे, दुसरं टोक डाव्या होल्डरच्या धातूला. ब्रेक दाबायला कुणालातरी बसवा. सगळं सरळ झालं तर झालं निदान.

पुणेरी_११००
नानांना अनुमोदन. फक्त एक, मल्टीमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल होल्डरच्या बॉडीला लावा आणि ब्रेक दाबून बघा. चांगल्या अर्थला ०.२ च्या आत यायला पाहिजे.

आणि करंट येतोय का हे नुसत्या मीटरवर ठरवू नका राव. वायरच्या आतली एकच तार शिल्लक असली तरी लोड नसताना मीटर १२ दाखवणार. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी आणि क्रोकोडाइल क्लिपा असा टेस्ट लॅम्प करून ठेवा, तो पावणेदोन अँपिअर ओढतो, खोटं बोलत नाही.

शेटजी_गॅरेज
मी तर म्हणतो वायरिंग नवीनच टाका, ३०-३५ वर्षं जुनी वायर कडक झालेली असते, आज इथे उद्या तिथे.

नाना_वायरमन
@शेटजी_गॅरेज साहेब, वायर कडक झाली असेल तर तेवढा तुकडा बदलू, पण रंगानंतर सुरू झालेला प्रॉब्लेम वायरीच्या म्हाताऱ्या वयावर ढकलू नका.

कोकणी_पद्मिनी
नाना, पुणेरीदादा, सापडलं!! ब्रेक दाबून मीटरवर आठच्या वर व्होल्ट आले, उजवीकडे ०.१. वायर लावली तर सगळं सरळ. दिवा उघडला तर अर्थच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) प्रायमर, वर रंग, त्यावर स्क्रू कसलेला आणि स्क्रूच्या आट्यांतही रंग. पॉलिश पेपरने पत्रा पांढरा केला, स्टार वॉशर टाकून कसलं, वरून व्हॅसलीन लावलं. आमच्याकडे खारी हवा, त्याशिवाय टिकणार नाही. हेडलाइटचं मात्र तसंच आहे, आणि नंबर प्लेटचा दिवा लावला की अधूनमधून फ्यूज जातो.

पुणेरी_११००
फ्यूजवर सिगारेटची चांदी गुंडाळायची नाही हां, वायर जळेल. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि डिकीचं झाकण उघडबंद करत राहा, शॉर्ट झाला की बल्ब फुल पेटेल आणि फ्यूजही वाचतील. वायर जिथे वाकते किंवा पत्र्याच्या भोकातून जाते आणि रबराचं ग्रोमेट गळून पडलंय, तिथे आधी बघा.

नाना_वायरमन
हेडलाइटला आधी दिव्याचा अर्थ तपासा, तिथेही रंग लागलाच असेल. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि पेटत्या बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. फरक दीडेक व्होल्टचा निघाला तर जवळपास तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला समजा. ६०/५५ चे हॅलोजन टाकलेत का? दोन मिळून १० अँपिअर जुन्या स्विचमधून ओढायचे म्हणजे स्विचच तापणार. दोन रिले (थोड्या करंटने चालणारे, मोठा करंट जोडणारे स्विच) टाका, एक डिपरला एक अप्परला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला स्विचकडून आलेली हेडलाइटची जुनी वायर, ८५ अर्थ. पिना खालच्या बाजूला येतील असे बसवा, पावसाचं पाणी आत साठत नाही.