दोन्ही मुलांचं बोरन्हाण एकाच दिवशी करायचंय (वय १० महिने आणि पावणेपाच वर्षं), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

संक्रांत तोंडावर आलीये आणि आमच्याकडे दोन्ही मुलांचं बोरन्हाण एकाच दमात उरकायचं घाटतंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज मार्गदर्शन करा.

लेक मार्च २०२१ ची, म्हणजे दोन महिन्यांनी पाच पूर्ण होतील. धाकटा मार्च २०२५ चा. लेकीची पहिली संक्रांत आली ती जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनची लाट ऐन भरात असताना. पाटावर ती, समोर आम्ही दोघं, आणि डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये दोन्हीकडच्या आज्या. चुरमुरे मीच ओतले आणि मीच वेचले. पुढे करू करू म्हणत राहून गेलं. आमच्याकडे पाच वर्षांपर्यंतच करतात, त्यामुळे तिचं आता नाही तर कधीच नाही. आणि धाकट्याची ही पहिलीच संक्रांत, तेव्हा साबांच्या (सासूबाईंच्या) मते त्याचं यंदाच व्हायला हवं.

राहायला डोंबिवली पूर्व, वन बीएचके. माझं ऑफिस परळला, नवरा एमआयडीसीत शिफ्टमध्ये. साबा चिपळूणहून येतील, आई-बाबा पेणहून.

पहिली अडचण तारखेची. बोरन्हाण संक्रांत ते रथसप्तमी एवढ्यातच करायचं, आणि यंदा रथसप्तमी २५ जानेवारीलाच आहे. गेल्या वर्षी ४ फेब्रुवारीपर्यंत वेळ होता, यंदा जेमतेम दोन शनिवार-रविवार मिळतायत: १७-१८ आणि २४-२५. पहिल्या शनिवार-रविवारी नवऱ्याची सेकंड शिफ्ट. २५ ला रविवार आणि रथसप्तमी एकत्र, म्हणजे आमच्या सोसायटीत घरोघरी हळदीकुंकू. २६ ला सोमवारी सकाळी लेकीच्या शाळेत झेंडावंदन, त्यात ती नाचात आहे. राहता राहिला २४ चा शनिवार.

दुसरी अडचण मोठी आहे. धाकटा सोफा धरून उभा राहतो, धरून धरून दोन पावलं टाकतो, आणि महिनाभरात त्याला चिमटी जमायला लागलीये. तर्जनी आणि अंगठा जुळवून तो फरशीवरचं काहीही उचलतो. परवा ओट्याखाली उडालेला फोडणीतला मोहरीचा दाणा त्याने शोधला, निरखून बघितला आणि थेट तोंडात. कौतुकही वाटलं आणि पोटात गोळाही आला. आता अशा मुलाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा, रेवड्या, उसाचे करवे ओतायचे म्हणजे काय? नणंदेच्या मुलाच्या वेळी वर जेलीची चॉकलेटं आणि गोळ्यापण होत्या. तुम्ही एक वर्षाच्या आतल्या बाळांना काय घालता?

तिसरी अडचण लेक. तिने जाहीर केलंय की काळा फ्रॉक "भुतांचा" असतो आणि तिला निळा, झालरीचा, राजकन्येचाच हवा. वर परवा म्हणाली, "बाळाचे फोटो काढून झाले की मला बोलवा, मी आत बसते." हे तिने रागाने नाही, अगदी सरळ सांगितलं. तेव्हापासून मला तिचं बोरन्हाण त्याच्यापेक्षा महत्त्वाचं वाटायला लागलंय. तो झोपेतही मोठा होईल. तिला यातलं सगळं आठवणार आहे.

हलव्याचे दागिने दोघांना हवेत का, किती वेळ टिकतात, मुलांना द्यायला काय ठेवायचं, हेही सांगा. स्वयंपाकाचं विचारत नाहीये, ते बाहेरून मागवणार आहे आणि त्यावर घरात मतदान झालेलं आहे.

– दुपारचीझोप

---

गवतीचहा

२४ चा शनिवारच बरा. आणखी एक कारण म्हणजे रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की पाहुणे अर्ध्या वाटेत अडकतात. आमच्याकडे ज्याच्यासाठी थांबलो होतो तो मामाच आला नाही, फोन आला मुंब्र्याहून.

वेळ धाकट्याच्या झोपेवरून ठरवा, मुहूर्तावरून नको. दुपारची झोप झाली, पोट भरलं, की अर्ध्या तासात औक्षण. पाहुण्यांना पाचची वेळ दिलीत तर ते सहाला येतील आणि तोवर बाळ रडकुंडीला आलेलं असेल. चारची वेळ द्या.

---

मंद_आचेवर

हलव्याबद्दल. दागिने घ्यायचे तर संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात घ्या, नंतर उरलेसुरले मुकुट मिळतात. तुम्ही परळहून येताजाता दादरला उतरू शकत असाल तर तिथे भरपूर प्रकार असतात, डोंबिवलीत फडके रोडला बघा. घेताना दागिना हलक्या हाताने हलवून पाहा. दाणे गळत असतील तर सोडून द्या.

ते दाणे साखरेचे, दमट हवेत चिकट होतात. बंद डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये अजिबात नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. आणि मुंग्या! आदल्या रात्री डबा पाण्याच्या परातीत ठेवायचा.

घरी करायचा विचार असेल तर यंदा सोडून द्या. एकतारी पाक चमच्या-चमच्याने घालत, मंद आचेवर हाताने फिरवत बसायचं काम आहे. काटा यायला दिवसचे दिवस जातात आणि थंडी नसली तर येतही नाही. दहा महिन्यांचं बाळ घरात असताना शेगडीपाशी बसवणारं काम नको.

---

डॉक्टरीणबाई

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दुसऱ्या अडचणीवर जरा सविस्तर लिहिते.

दहा महिन्यांच्या बाळावर बोरं, हरभरे, शेंगदाणे, रेवड्या, करव्यांचे तुकडे, गोळ्या, जेली यातलं काहीही नको. डोक्याला लागेल हा मुद्दा किरकोळ आहे. खरी भीती श्वासनलिकेत अडकण्याची. या वयात पुढचे दोन-चार दात असतात, दाढा नसतात. म्हणजे तुकडा पाडता येतो, चावता येत नाही. शेंगदाणा आणि हरभरा यांचा आकार तर छोट्या श्वासनलिकेत जाऊन बसेल असाच. चार-पाच वर्षांच्या मुलांनीही हे पळत, हसत, ओरडत खाऊ नये. लुटालुटीत नेमकं तेच होतं, हे बाकीच्या आयांनाही सांगा.

त्याच्यासाठी फक्त चुरमुरे, तेही मूठ-दोन मूठ, आणि आजीच्या मांडीवर बसवून. दोन मिनिटांत आटपायचं, अंगावरचे चुरमुरे झटकायचे, मुठी उघडून बघायच्या आणि त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचं. मुठी उघडून बघा हे मुद्दाम लिहिलंय.

तिळगुळ चाटवायचा आग्रह होईल. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ याची गरज नसते, आणि मध तर अजिबात द्यायचा नाही, बोट बुडवूनसुद्धा नाही.

वेळ आलीच तर: बाळ जोरात खोकत असेल, रडण्याचा आवाज येत असेल तर त्याला खोकू द्या. आवाजच येत नसेल, श्वास घेता येत नसेल तर पालथं करून हातावर घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, मान-जबड्याला आधार, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने (मनगटाजवळच्या भागाने) पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. पुन्हा थापट्या. हे आलटून पालटून चालू ठेवायचं, तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. दिसत नसताना तोंडात बोट घालून खरवडू नका, वस्तू आणखी आत जाते. बाळ बेशुद्ध पडलं तर सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करावा लागतो. हे वाचून येत नाही, जवळपास प्रशिक्षण असेल तर घरातल्या दोघांनी तरी घ्या.

जाता जाता: नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झालीच असेल. लेकीचा पाच वर्षांचा त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर मार्चनंतर येईल, तो विसरू नका. दुसऱ्या मुलाच्या धावपळीत पहिल्याची ही लस हमखास मागे पडते.

---

शेवटचीलोकल

डॉक्टरीणबाईंना +१.

माझं वेगळं मत. धाकट्याचं यंदा फक्त औक्षण करा, बोरन्हाण पुढच्या वर्षी. पाच वर्षांपर्यंत चालतं ना? मग घाई कसली? पुढची रथसप्तमी १३ फेब्रुवारी २०२७ ला आहे, म्हणजे भरपूर शनिवार-रविवार मिळतील, तो पावणेदोन वर्षांचा असेल आणि स्वतः हसत हसत खाऊ उधळेल. यंदाचा दिवस अख्खा लेकीला द्या. तिने जे सांगितलं ते वाचून मला तरी हेच सुचलं.

---

कोकणकडा

शेवटचीलोकल, मुद्दा पटला, पण चिपळूणच्या साबांना हे कोण सांगणार? आमच्या आईला मी असंच काहीतरी सुचवलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"चे पडसाद गुढीपाडव्यापर्यंत उमटत होते.

मधला मार्ग: साबांच्या समाधानापुरतं बाळाचं बोरन्हाण करायचं. दोन मूठ चुरमुरे, औक्षण, फोटो, संपलं. विधी झाला, त्यांचं समाधान, बाळ आत. मग खरा कार्यक्रम लेकीचा.

---

खणाचीपिशवी

काळ्या फ्रॉकबद्दल. आमच्या बाईसाहेबांनीही हाच घोळ घातला होता. त्यांना हलव्याचा एक हार काळ्या कापडावर आणि एक निळ्यावर ठेवून दाखवला आणि विचारलं, दागिने कुठे जास्त चमकतायत? पांढरा हलवा काळ्यावरच उठून दिसतो. मग स्वतःच काळ्या खणाचं परकर-पोलकं निवडलं, जांभळ्या काठाचं. तुमच्याकडे निळ्या काठाचं बघा. तरीही नाहीच ऐकलं तर राजकन्येचा फ्रॉक घालू द्या आणि काळी ओढणी बांधा. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून घालायचं, आणि जानेवारीतल्या डोंबिवलीत दुपारी चार वाजता कसली आलीये थंडी!

बाळाला गळ्यात-मनगटात हलवा नको. मुकुट घाला फोटोपुरता, तोही कापडी पट्टीवर शिवलेला. बाजूबंद, बासरी वगैरे लोकरीचे किंवा फेल्टचे करून मिळतात, तोंडात गेले तरी नुसते ओले होतील.

---

ठाणेकर_काका

पुरुष असून लिहितो, कारण आमच्या घरी वेचायचं काम माझ्याकडे होतं.

पाटाखाली दोन जुन्या डबल बेडच्या चादरी, एकावर एक, कडा सोफ्याच्या आणि कपाटाच्या खाली खोचून. नाहीतर हरभरे तिथे जातात आणि होळीला सापडतात. कार्यक्रम संपला की चारही टोकं उचलायची आणि बाल्कनीत नेऊन झटकायचं. झाडू मारला तरी मोबाइलचा टॉर्च फरशीला आडवा धरून एकदा बघा, उभ्याने न दिसणारे दाणे लांबच लांब सावली टाकतात. रांगणाऱ्या बाळाची नजर त्याच उंचीवर असते. हे झाल्याशिवाय त्याला खाली सोडू नका.

लूट म्हणून मुलांना स्टीलच्या छोट्या वाट्या द्या. त्यातच वेचतात, त्याच घरी नेतात, पिशव्यांचा खर्च वाचतो. सगळ्यांना सारख्याच घ्या, नाहीतर निळी कोणाची यावरून महाभारत.

---

दुपारचीझोप (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं. नवऱ्याने थापट्यांचा परिच्छेद लेकीच्या बाहुलीवर करून बघितला. लेक म्हणाली, तिला काही झालेलं नाही, तिला मारू नका.

ठरलं ते असं. शनिवार २४, चार वाजता. धाकटा साबांच्या मांडीवर, फक्त चुरमुरे. पहिली मूठ त्याची ताई घालणार. हे तिला सांगितल्यापासून ती रोज उशीवर सराव करतेय, चुरमुरे न घेता. मग माझे बाबा त्याला आत घेऊन बसतील आणि लेकीचं सगळं साग्रसंगीत: बोरं, करवे, हरभरे, शेंगा, रेवड्या. जेली आणि गोळ्या बाद. तिच्या वर्गातली मुलं आणि मजल्यावरची, बस्स. खाताना सगळी सतरंजीवर बसून खातील, हे मी त्यांच्या आयांना आधीच मेसेज करून ठेवतेय.

शेवटचीलोकल, तुमचं म्हणणं मलाही पटलं होतं. साबांना फोनवर अंदाज घेत विचारलं. त्या म्हणाल्या, "बरं." कोकणकडा, तुम्ही आधी लिहिलंत म्हणून वाचले, लगेच विषय बदलला.

आता फक्त एक प्रश्न. शनिवारचं बोरन्हाण, सोमवारी सकाळी लेकीचा नाच, आणि मधल्या रविवारी साबांना सोसायटीतल्या सगळ्या हळदीकुंकवांना जायचंय, मला बरोबर घेऊन. धाकट्याला घेऊन किती घरं झेपतात?

---

गवतीचहा

तीन. चौथ्या घरी वाण घेऊन दारातूनच मागे फिरायचं, "बाळ झोपेला आलंय" म्हणून. ते तोवर आलेलं असतंच.

---

मंद_आचेवर

आणि प्रत्येक घरी कोणीतरी त्याच्या हातात तिळगुळाची वडी देणारच. मुठी उघडून बघायचं तिथेही लागू.