मदत हवी आहे : केअर नोट्समध्ये हेल्प, असिस्ट, सपोर्ट की प्रॉम्प्ट?

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची. सध्या इंग्लंडमध्ये वयस्कर लोकांच्या एका केअर होममध्ये काम करते. काम अंगवळणी पडलंय, बोलायलाही फारसं अडत नाही. अडतं ते शिफ्टच्या शेवटी नोट्स लिहिताना. एकाच आजींबद्दल सकाळच्या नोंदीत ‘असिस्टेड विथ वॉशिंग’ असतं, दुपारी ‘सपोर्टेड टु वॉश’ आणि रात्री ‘हेल्प्ड हर वॉश’. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

मला कळलंय ते एवढंच : हेल्प कुठेही चालतो, पुढे टु असो वा नसो. असिस्टनंतर बहुतेक वेळा विथ येतो. एड हा शब्द हिअरिंग एड, वॉकिंग एड अशा वस्तूंपुरताच कानावर पडतो. आणि होइस्ट (माणसाला उचलून हलवायचं यंत्र) लावताना सगळे ‘कॅन यू गिव्ह मी अ हँड?’ म्हणतात, पण ते लिहिताना कुणी दिसत नाही.

खरी पंचाईत गोळ्यांची आणि जेवणाची आहे. गोळ्यांसाठी प्रॉम्प्ट, असिस्ट, अ‍ॅडमिनिस्टर असे तीन शब्द आहेत. आणि ‘फेड’ लिहू नकोस असं सीनियरने सांगितलंय. भरवलं तर भरवलंच लिहायचं ना? ताई-दादांनो, जाणकारांनी कृपया नीट समजावून सांगा.

प्रतिसाद :

ताई, मी इकडे बरीच वर्षं नर्स आहे. आधी गोळ्यांचं सांगते, कारण तिथे शब्दाबरोबर जबाबदारी बदलते. प्रॉम्प्ट म्हणजे तुम्ही फक्त आठवण केलीत, गोळी त्यांनी स्वतः काढून घेतली. असिस्ट म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही झाकण उघडून दिलंत. कोणती गोळी घ्यायची हे त्यांनाच ठाऊक होतं. कोणती, किती, कधी हे सगळं तुम्ही बघून दिलंत, तर ते अ‍ॅडमिनिस्टर. त्याचं ट्रेनिंग लागतं आणि मार चार्टवर, म्हणजे औषधं दिल्याच्या नोंदीच्या तक्त्यावर, सही येते. तुमच्या होमची औषधांची पॉलिसी एकदा शांतपणे वाचाच.

फेड हा शब्द तान्ह्या बाळासाठी नाहीतर नळीतून देतात त्या आहारासाठी वापरतात. ऐंशी वर्षांच्या माणसाबद्दल तसं लिहिणं इथे अपमानाचं वाटतं, आणि मलाही ते पटतं. ‘असिस्टेड विथ लंच’ लिहा आणि किती खाल्लं तेही लिहा.

असिस्ट आणि सपोर्ट नोट्समध्ये सर्रास एकमेकांच्या जागी येतात. सपोर्टमध्ये ‘करणारी त्या, आपण सोबतीला’ ही छटा जास्त आहे. पण नुसत्या शब्दाने पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही. कोणी काय केलं ते लिहा : ‘वॉश्ड ओन फेस अँड आर्म्स. असिस्टेड विथ बॅक अँड फीट.’ हे फार महत्त्वाचं आहे हो. ‘फुल असिस्टन्स’ लिहिलंत की पुढची मुलगी सगळंच करून टाकते, आणि तोंड धुण्याची आजींची उरलेली सवयही जाते. उलट कालपर्यंत स्वतः हात धुणाऱ्या आजींना आज जमलं नाही, तर तब्येतीतला तो फरक नोंदीतूनच लक्षात येतो.

‘असिस्टन्स ऑफ टू’ दिसलं तर ते माणसं किती लागली याबद्दल असतं, म्हणजे दोन केअरर.

धागाकर्ती :

खूप आभार ताई! एकच राहिलं. आजी वॉकर घेऊन स्वतः चालल्या, मी हातही लावला नाही, नुसती शेजारून चालले. ही मदत धरायची का?

प्रतिसाद :

धरायची, पण असिस्ट नाही. ‘वॉक्ड टु डायनिंग रूम विथ फ्रेम, सुपरव्हिजन ऑफ वन’ असं लिहा. वॉकरला इथे फ्रेम म्हणतात.