ब्युइक ३८०० सुपरचार्ज्ड: आयडलला थरथर, बूस्टवर झटके

नवे प्लग टाकूनही आयडलला (इंजिन चालू, पाय पेडलवरून काढलेला) थरथर, बूस्टवर (सुपरचार्जर हवा दाबून भरत असताना) झटके आणि कोड पी०३०० (अनियमित मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं), एवढ्यावरून सुपरचार्जर उतरवू नका. या व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनाला तीन कॉइल आहेत, प्रत्येक दोन सिलिंडरना ठिणगी देते: १-४, २-५, ३-६. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायर पाहा. जोडीतले दोन्ही चुकत असतील तर ती कॉइल शेजारच्या जागी बसवा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर खालचं इग्निशन मॉड्यूल (कॉइलना ठिणगीचा इशारा देणारा भाग) तपासा. एकच चुकत असेल तर वायर, प्लग किंवा इंजेक्टर. फायरवॉलकडचे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडचे) तीन प्लगही बदललेत ना? हात पोचत नाही म्हणून ते अनेकदा राहतात.

मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. आयडलला +१५ टक्के आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे व्हॅक्यूम गळती: न मोजलेली हवा आत शिरते. ती गळती सुपरचार्जर आणि इंजिनाच्या मध्ये असेल तर बूस्टमध्ये उलटी वागते: मोजलेली हवा बाहेर निसटते, मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. बायपास व्हॉल्वच्या (हवेला सुपरचार्जर टाळून वाट देणाऱ्या झडपेच्या) कडक झालेल्या नळ्या आधी बदला.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढून हुंगा. आत पेट्रोल असेल तर डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटलाय. तशी गाडी अजिबात चालवू नका. ते पेट्रोल थेट इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या मार्गात) जातं आणि बॅकफायर (उलटा भडका) झाला तर आग लागू शकते.