मदत हवी आहे: प्रीमिअर पद्मिनीला ऑइल प्रेशर मीटर बसवतोय, काटा उलटा फिरतोय

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८१ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यापासून दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलेली नाही. आप्पा आता ८३ वर्षांचे आहेत. स्वतः चालवत नाहीत, पण शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी पार केली, सुरूर फाट्यावर चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की विझायचा, सोडला की पुन्हा सुरू. ऑइल पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत होतं, २० डब्ल्यू ४०, बदलून जेमतेम हजार किलोमीटर झालेले. सकाळी थंड इंजिनावर असं काही होत नाही. मिस्त्री म्हणाले, मेन बेअरिंग गेली असतील, इंजिन उतरवावं लागेल. आप्पा म्हणाले, आवाज तर नेहमीचाच आहे, उगाच इंजिन खोलू नका.

मलाही आप्पांचं पटतं, पण नुसत्या पटण्यावर गाडी घाटात कशी घालायची? दिवा फक्त 'प्रेशर आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. किती आहे ते कळायला मीटर हवा.

म्हणून एक इलेक्ट्रिक ऑइल प्रेशर मीटर मागवला, ५२ मिमीचा. त्याच्यासोबत सेंडर (इंजिनावर बसून मीटरला प्रेशर कळवणारा भाग) नव्हता, तो इथल्या एका दुकानातून वेगळा घेतला. दुकानदारानेच एक पितळी अ‍ॅडॅप्टरही दिला. इंजिनाच्या ब्लॉकवरचा दिव्याचा स्विच काढून तिथे अ‍ॅडॅप्टर लावला, तर तीन फेऱ्यांतच तो कडक झाला. जोर न लावता तिथेच थांबलो. वायरी जोडून चावी फिरवली आणि काटा थेट शेवटच्या आकड्यावर गेला! इंजिन सुरू केल्यावर खाली यायला लागला, रेस दिल्यावर आणखी खाली. अर्ध्या मिनिटात अ‍ॅडॅप्टरपाशी ऑइल झिरपताना दिसलं, तेव्हा बंद केलं आणि जुना स्विच परत बसवला.

आता मला कळत नाही की मीटर खराब आहे, सेंडर खराब आहे की वायरी चुकल्या. दुसरं म्हणजे लाल दिवा मला घालवायचा नाही. मीटरकडे सतत नजर राहत नाही, दिवा मात्र डोळ्यांत भरतो. दोन्ही एकत्र कसे ठेवायचे? की हे सगळं सोडून पाइपवाला मेकॅनिकल मीटरच घ्यावा?

आणि एक अट आहे. डॅशबोर्ड पत्र्याचा आहे, मूळ रंगाचा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षं आप्पांनी तो पुसून जपलाय. त्याला भोक पाडायचं नाही. तसं भोक पाडून बसवलेले मीटर मी पाहिलेत, पुढे मीटर काढला तरी ते भोक भरून येत नाही.

---

प्रतिसाद १

कडक लागल्यावर थांबलात हे फार चांगलं केलंत. ब्लॉकमधले आटे गेले असते तर मीटर राहिला बाजूला, मोठंच काम निघालं असतं.

आधी आट्यांचं बघा. १० मिमीच्या आसपासचे तीन आटे डोळ्यांना सारखेच दिसतात: एम १० × १, १/८ बीएसपी आणि १/८ एनपीटी. बीएसपी बाहेरून ९.७३ मिमी आणि इंचाला २८ आटे, एनपीटी साधारण १०.३ मिमी, इंचाला २७ आटे आणि निमुळता. तिन्ही एकमेकांत दोन-तीन फेऱ्या जातात आणि मग अडकतात, तुमचं झालं तसंच. जुना स्विच काढून लेथवाल्याकडे न्या, तो व्हर्नियर आणि पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन) लावून पाच मिनिटांत सांगेल. अ‍ॅडॅप्टर त्या मापाने बनवून घ्या. सरळ आटा तांब्याच्या वायसरवर बसतो, टेफ्लॉन टेप त्याच्यासाठी नाही. शिवाय सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेप जास्त गुंडाळली की तेही जातं.

---

प्रतिसाद २

दादा, मीटर खराब नाही आणि सेंडरही नाही. दोघांची जोडी चुकली आहे.

सेंडर म्हणजे प्रेशरप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. युरोपियन पद्धतीत शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० च्या आसपास. अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं, शून्याला २४० आणि पूर्णला ३३. एका पद्धतीच्या मीटरला दुसऱ्या पद्धतीचा सेंडर लावला की काटा उलटा फिरतो. मल्टिमीटर घ्या, सेंडर नुसता हातात धरून टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये ओहम मोजा. लगेच कळेल.

दिव्यासाठी टी (तीन तोंडांचा जोड) लावा, एका तोंडाला स्विच, दुसऱ्याला सेंडर. पण हे सगळं ओझं ब्लॉकवर लटकवू नका. सेंडर जड असतो, थरथरीने पितळी टी मुळाशी तडकते आणि चालत्या गाडीत सगळं ऑइल रस्त्यावर जातं. ट्रॅक्टर-जेसीबीच्या होज बनवून देणाऱ्या दुकानातून फूटभर होज करून घ्या आणि टी बॉडीला पट्टीने कसा. होज रबरी असल्यामुळे टीला वेगळी अर्थिंगची वायर द्यायला विसरू नका.

मेकॅनिकल मीटर वाईट नाही, करंट नसला तरी चालतो आणि खरं प्रेशर दाखवतो. पण त्याच्या बारीक पाइपातून गरम ऑइल केबिनमध्ये येतं. तांब्याचा पाइप असेल तर इंजिनाजवळ दोन वेढे द्यावे लागतात, नाहीतर थरथरीने कडक होऊन तुटतो. नायलॉनचा असेल तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब न्यावा लागतो. आप्पा ज्या सीटवर बसतात त्यांच्या पायांशी तो पाइप मी तरी नेणार नाही.

आणि इंजिन उतरवायच्या आधी दिव्याच्या स्विचवर संशय घ्या. जुना झाला की तो चांगल्या प्रेशरलाही आतून अर्थिंगला जोडला जातो आणि दिवा लागतो.

---

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेंडर मोजला, २३८ ओहम! म्हणजे अमेरिकन. १० ते १८० चा सेंडर पुण्याहून मागवला, लेथवर अ‍ॅडॅप्टर करून घेतला, होज आणि टी सांगितल्याप्रमाणे बसवले. मीटरसाठी लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट केला आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेला आधीपासून असलेल्या स्क्रूवर मधोमध लावला. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याला लागत नाही, गुडघ्यालाही नाही. वायर इंजिनाकडून आत आणताना रबरी ग्रोमेट घातलं.

काल खंबाटकीला पुन्हा नेली. थंड इंजिनावर ५५ पीएसआय, पूर्ण गरम झाल्यावर ५० च्या वेगाला ४२. घाटानंतर सुरूर फाट्यावर थांबलो, आयडलिंगला काटा १५ वर स्थिर आणि लाल दिवा त्याच वेळी लुकलुकत होता. म्हणजे स्विचच गेलेला. आज नवा लावला, दिवा शांत आहे. इंजिन उतरवायचं रद्द केलं. आप्पा बराच वेळ काट्याकडे बघत होते, मग म्हणाले, आवाज नेहमीचाच होता.

एकच राहिलंय: मीटरच्या आतल्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून घेऊ की डॅशबोर्डच्या दिव्यावरून?

---

प्रतिसाद ३

डॅशबोर्डच्या दिव्यावरून घ्या, दोन्ही एकत्रच लागतील. मीटरचा मेन करंट मात्र इग्निशनवरून आणि मध्ये फ्यूज टाकून.