मदत हवी आहे: भर उन्हात जनावरांचं प्रदर्शन, लेक आणि कालवड दोघींना कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी,

लेक अकरा वर्षांची आहे. तिने वाढवलेली कालवड या उन्हाळ्यात पहिल्यांदाच प्रदर्शनात उतरणार आहे, सोबत धाकट्या भाच्याची पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी. दोघांनी चार महिने रोज दावं धरून चालवलंय, खरारा केलाय. त्यामुळे 'यंदा नको' म्हणायची सोय उरलेली नाही. (मी एकदा म्हणून पाहिलं. दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.)

रिंगणात उतरायची पाळी भर दुपारी बाराला, वर पत्र्याचा मांडव. मागच्या वर्षी नुसतं बघायला गेलो होतो, तेव्हा एक मुलगा परीक्षकांसमोर उभ्या उभ्या पांढराफटक पडला. जनावर शांत होतं आणि सगळ्यांच्या नजरा जनावरावरच.

कालवड परक्या पाण्याला तोंड लावत नाही, ही एक अडचण. दुसरी म्हणजे एका जाणकारांनी सांगितलं की अंगावर पाणी मारू नका, केस बिघडतात. शिवाय आदल्या रात्रीपासून पाणी तोडा आणि रिंगणाआधी एकदम पाजा, म्हणजे पोट भरलेलं दिसतं. मला हे पटत नाही, पण अनुभवही नाही.

खरी काळजी लेकीची. तिला चक्कर आली तरी ती सांगणार नाही आणि दावं सोडणार नाही.

प्रतिसाद १

ताई, पाणी तोडायचं अजिबात ऐकू नका. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, त्याचीच उष्णता केवढी तरी असते. त्यात वरून ऊन. मुख्य वैरण आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाका, थोडी पहाटे. रिंगणाआधीच्या चार-पाच तासांत खुराक नको. पाणी मात्र कायम समोर हवं.

परक्या पाण्यासाठी आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात किंचित गूळ विरघळवा, तिथेही तेवढाच घाला. बादलीही घरचीच न्या.

केसांचं म्हणाल तर पाठ कोरडी ठेवा, पाय आणि पोटाखाली पाणी मारा. पण वारा किंवा पंखा हवाच, कोंदट मांडवात नुसतं पाणी मारून दमटपणाच वाढतो. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका, थोड्या वेळात तेच तापतं.

कुशीची हालचाल बघून श्वास मोजा. निवांत गाय मिनिटाला पन्नासच्या आत असते. 80 च्या पुढे गेली की सावलीत घ्या. तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ गळतेय असं दिसलं तर रिंगण विसरा आणि पशुवैद्याला बोलवा. ताप मोजणार असाल तर गायीचा एरवी 38.5 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. शेळीचा त्याहून थोडा जास्तच, उगाच घाबरू नका.

प्रतिसाद २

माझी दोन्ही मुलं यातून गेली आहेत. एक माणूस असा नेमा ज्याने जनावराकडे बघायचंच नाही, फक्त लेकीकडे बघायचं. आमच्याकडे ते काम आजोबांकडे होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागो न लागो.

मुलांना वाटतं दावं सोडलं म्हणजे हरलो. म्हणून घरी सरावातच रोज एकदा मध्येच 'दे माझ्याकडे' म्हणून दावं घ्यायचं. सवय झाली की त्यात कमीपणा वाटत नाही. तोंडाने सांगायला लाजत असेल तर खूण ठरवा, आमची टोपी काढायची होती. रिंगणात मोठ्या माणसाला जाता येतं का, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा. आणि दावं हाताला गुंडाळायचं नाही म्हणजे नाही! पोर कोसळलं आणि जनावर बिचकलं तर फरपटत नेईल.

डोकं दुखणं, मळमळ, गार घामेजलेलं अंग दिसलं की लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. बरळायला लागली, नीट उत्तर देईना, अंग भाजतंय, तर पाणी पाजत बसू नका. अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने दवाखाना.

प्रतिसाद ३

पाण्याच्या बाटल्या जनावरं बांधायच्या जागेपासून लांब ठेवा आणि काही खाण्याआधी साबणाने हात धुवायला लावा. उन्हाच्या नादात हे हमखास राहतं.

मूळ धागालेखिका

सगळ्यांचे आभार. कालपासून गुळाचं पाणी सुरू केलंय. कालवडीने बादली चाटूनपुसून रिकामी केली, भाच्याच्या शेळीने आधी हुंगून तोंड फिरवलं. 'दे माझ्याकडे' म्हटल्यावर लेकीने पहिल्या दिवशी डोळे वटारले, आज निमूट दिलं. खूण म्हणून तिने स्वतःच कान धरायचं ठरवलंय, टोपी तिला आवडत नाही. (घालावी तर लागणारच आहे.) तिच्यावर लक्ष ठेवायला मावशी तयार आहे.

मुलांची पाळी सकाळी लवकर घेता येईल का, असं आयोजकांना विचारलंय. अजून उत्तर नाही. कुणी असं वेळापत्रक बदलून घेतलं असेल तर काय मुद्दा मांडला होता, ते सांगाल का?