बंद फिल्टरमधला मीडिया कसा ठेवावा

माशांच्या टाकीचा फिल्टर काही काळ बंद ठेवायचा असेल, तर त्यातला मीडिया, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू ज्यावर वाढतात त्या सिरॅमिक रिंग्ज आणि स्पंज, कसा ठेवायचा हा प्रश्न असतो. रिंग्ज टाकीच्याच पाण्यात बुडवून डबा घट्ट बंद केला की जिवाणू जिवंत राहतात, असं काहीजण सुचवतात. कृपा करून तसं करू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांतच संपत येतो, मग आतला गाळ कुजू लागतो. पुढे कधी झाकण उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू. ते पाणी टाकीत अजिबात जाऊ देऊ नका.

दोन-चार आठवड्यांचाच प्रश्न असेल तर रिंग्ज जाळीच्या पिशवीत भरून दुसऱ्या चालू टाकीत सोडा. दुसरी टाकी नसेल तर बादलीत क्लोरीन काढलेलं पाणी, एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड) आणि अधूनमधून चिमूटभर खाद्य एवढं पुरतं.

त्याहून जास्त काळ ठेवायचं असेल तर जिवाणूंचा मोह सोडा. रिंग्ज आणि स्पंज चोळून धुवा, पूर्ण कोरडे करून ठेवा. रिंग्ज खुशाल उन्हात वाळवा, स्पंज मात्र सावलीत. उन्हानं त्याचा भुगा होतो. फिल्टरच्या झाकणाच्या रबरी गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावा. फिल्टरमधला जुना कार्बन (रंग-वास शोषणारा कोळसा) फेकून द्या.

असा सुकवलेला मीडिया परत वापरताना नवाच समजायचा: मासे सोडण्याआधी पूर्ण सायकलिंग, म्हणजे फिल्टर चालवून हे जिवाणू पुन्हा वाढू देणं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही टेस्ट किटवर शून्य येईपर्यंत थांबाच, त्याला महिना-दीड महिनाही लागतो.