मदत हवी आहे: बाबांच्या मूत्राशयाचा कर्करोग, रिपोर्टमध्ये 'स्नायू आढळला नाही', दोन डॉक्टर दोन मतं

पाऊलखूण:
नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं एकदाच लिहिते.

बाबा ६८ वर्षांचे. लघवीतून रक्त गेलं, दुखलं-खुपलं काही नाही, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. त्यामुळे त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही. काही आठवड्यांनी पुन्हा गेलं तेव्हा विषय निघाला. आधी इन्फेक्शन समजून गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफीत गाठ दिसली. दुर्बिणीतून ती खरवडून काढली (टीयूआरबीटी), आणि आता बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक दिसणाऱ्या पेशींचा) पॅपिलरी युरोथेलियल कार्सिनोमा, लॅमिना प्रोप्रियात शिरलेला, पीटी१. शेवटची ओळ अशी: 'नमुन्यात डेट्रुसर स्नायू (मूत्राशयाच्या भिंतीतला) आढळला नाही.'

स्नायू आढळला नाही म्हणजे स्नायूपर्यंत गेलेला नाही, असाच अर्थ ना?

आमचे युरॉलॉजिस्ट म्हणतात की पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडू, मग मूत्राशयात बीसीजी (टीबीची लस असते तेच) देऊ. दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले, हाय ग्रेड आहे, वाट कशाला बघता, मूत्राशयच काढून टाका. बाबा म्हणतात, एकदाचं काढा आणि मोकळं करा. आईला पोटाला बॅग या कल्पनेनेच धडकी भरलीय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ आहे. आणि हो, बाबा अजून सिगरेट ओढतात. लपून. वास येतो, आम्ही काही बोलत नाही.

दोन मतांतलं कुठलं धरायचं, आणि मूत्राशयाची पिशवी काढलीच तर पुढचं आयुष्य कसं असतं, हे अनुभव असलेल्यांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शी:
मी पॅथॉलॉजीत आहे, उपचार करणारा डॉक्टर नाही. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

ताई, त्या ओळीचा अर्थ तुम्ही धरताय तसा नाही. मूत्राशयाच्या भिंतीत आतून बाहेर असे थर असतात: अस्तर, त्याखाली लॅमिना प्रोप्रिया, मग जाड स्नायू, बाहेर चरबी. कर्करोग अस्तरापुरता असेल तर टीए, लॅमिना प्रोप्रियात शिरला की टी१, स्नायूत गेला की टी२, चरबीत टी३, प्रोस्टेट किंवा गर्भाशय अशा शेजारच्या अवयवांत टी४. बाबांच्या नमुन्यात स्नायूचा तुकडाच आलेला नाही. तुकडाच नाही तर त्यात कर्करोग आहे की नाही हे आम्ही कशावरून सांगणार? म्हणून हा टी१ आजच्या घडीला 'किमान टी१' असा वाचायचा.

दुसऱ्यांदा खरवडायचं ते यासाठीच. टी१ असेल किंवा स्नायू मिळाला नसेल तर साधारण २ ते ६ आठवड्यांत पुन्हा टीयूआर करतात. पहिल्या ऑपरेशनात काही हयगय झाली असं नव्हे. त्याच जागी उरलेला ट्यूमर बऱ्याच जणांत सापडतो, आणि काहींत तो स्नायूत गेलेला निघतो. मग उपचारांची सगळी दिशाच बदलते.

दुसरे डॉक्टरही उगाच बोललेले नाहीत. टी१ हाय ग्रेडबरोबर सीआयएस असेल, गाठी मोठ्या किंवा अनेक असतील, रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या असतील, किंवा पेशींचा प्रकार वेगळा असेल, तर पिशवी लवकर काढण्याचा पर्याय गंभीरपणे मांडतातच. सीआयएस म्हणजे अस्तरात चपटा पसरलेला कर्करोग. गाठ नसते, दुर्बिणीतून मखमली लालसर डागासारखा दिसतो, कधी दिसतही नाही. वरवरचा असूनही तो कायम हाय ग्रेडच धरतात. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख आहे का, पाहा.

प्रकारांबद्दल थोडक्यात. मूत्राशयाचे ९० टक्क्यांच्या आसपास कर्करोग बाबांसारखे युरोथेलियल (अस्तराच्या पेशींचे) असतात. स्क्वॅमस प्रकार बराच काळ चिडचिड होत राहिलेल्या मूत्राशयात दिसतो (वर्षानुवर्षं कॅथेटर, शिस्टोसोमा हा परजीवी). ॲडिनोकार्सिनोमा आणि स्मॉल सेल हे विरळ, आणि स्मॉल सेलमध्ये केमो आधी येते. युरोथेलियलमध्येही मायक्रोपॅपिलरीसारखे उपप्रकार आहेत, ते जास्त आक्रमक. म्हणून मोठ्या निर्णयाआधी स्लाइड्स दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या. नुसता कागद पाठवू नका, स्लाइड्स आणि ब्लॉक मागून घ्या. तुमचा हक्क आहे तो.

आणखी एक. सोनोग्राफीत मूत्रपिंडं सुजलेली आहेत का? मूत्रनलिकेच्या तोंडाशी ट्यूमर असला की लघवी अडते आणि क्रिएटिनिन चढतं. तशी सूज असेल तर रोग खोल असण्याची शंका वाढते. क्रिएटिनिन १.५ आहे म्हणून हे मुद्दाम विचारतोय.

स्वयंभू:
ऑपरेशन केलं की कर्करोग खवळतो. चाकू लावू नका. माझ्या ओळखीत एकाची गाठ नुसत्या काढ्याने गेली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

टेकडीवाला:
स्वयंभू, पत्ता राहू द्या. दुर्बिणीने खरवडल्याशिवाय रोग कुठवर गेलाय हेच कळत नाही, मग तुमच्या ओळखीतल्याचं काय गेलं हे कुणी आणि कशावरून ठरवलं? रक्त आपोआप थांबतं आणि सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. पाऊलखूणच्या बाबांचंही पहिल्यांदा आपोआपच थांबलं होतं, वर लिहिलंय त्यांनी.

पाऊलखूण:
@सूक्ष्मदर्शी, खूप आभार. मूत्रपिंडाला सूज नाही म्हणून लिहिलंय. सीआयएसचा उल्लेख नाही. गाठ एकच, ३ सेंमी. बाबांना साखर नाही, पण रक्तदाब जुना आहे, डॉक्टर म्हणाले क्रिएटिनिन त्यामुळे असावं.

चष्मेबद्दूर:
बाबा नोकरी कशात करत होते? रंग, रबर, कातडी, छपाई अशा कामांत ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं असायची. शरीरात गेलेली ही द्रव्यं लघवीतून बाहेर पडतात आणि तोवर मूत्राशयात साठून राहतात. फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हे पाहिलं होतं. सिगरेटच्या धुरातही याच जातीची रसायनं असतात. सगळ्या केसेसपैकी साधारण निम्म्यांचा संबंध धूम्रपानाशी लावतात. तेव्हा वास येतो आणि आम्ही बोलत नाही, हे आता पुरे. सिगरेट चालू राहिली तर रोग परत यायचा धोका वाढतो, आणि उद्या मोठी भूल द्यायची वेळ आली तर फुप्फुसं साथ देत नाहीत.

पाऊलखूण:
टायरच्या कारखान्यात होते. तीस वर्षं. हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

अबोली:
माझ्या नवऱ्याचं टी१ हाय ग्रेडच होतं, बीसीजीचा सगळा कोर्स झाला. टीबीच्या लशीतले जिवंत पण दुबळे केलेले जंतू ते हेच. १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगात वापरल्याचं प्रसिद्ध आहे, म्हणजे प्रयोग वगैरे नाही. बारीक कॅथेटरने आत सोडतात, सुमारे दोन तास लघवी धरायची, मग जायचं. आठवड्यातून एकदा असं सहा वेळा. पुढे तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला दुर्बीण, आणि सगळं ठीक असेल तर मधूनमधून तीन-तीन डोस. हाय रिस्क असेल तर हे तीन वर्षांपर्यंत चालतं. आम्हाला आधी वाटलं सहा झाले की सुटलो, तसं नाही.

त्रास? पहिल्या दोन डोसांना काही जाणवलं नाही. तिसऱ्यापासून संध्याकाळी सारखी लघवी, जळजळ, अंग मोडून येणं, बारीक ताप. दुसऱ्या दिवशी उतरायचं. ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला किंवा उतरेना, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि तिथे 'बीसीजी चालू आहे' हे पहिलं वाक्य बोलायचं. तातडीच्या विभागातले साधं इन्फेक्शन समजतात. डोसाच्या दिवशी लघवीत लाल रक्त दिसत असेल, इन्फेक्शन असेल किंवा कॅथेटर घालताना जखम झाली तर डोस पुढे ढकलतात. ढकलला म्हणून चिडू नका, जंतू रक्तात जाऊ नयेत म्हणून ते असतं.

घरी पहिले सहा तास बसून लघवी करायची, मग भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी फ्लश. बसायचं म्हटल्यावर आमच्याकडे रुसवा झाला होता. टिकला नाही. डोसांच्या काळात जवळीक असेल तर कंडोम वापरा. हे आम्हाला डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही, नर्सने सांगितलं.

टेकडीवाला:
आता माझी पाळी. मी बॅगवाला. पिशवी काढलेली आहे, चालतो, टेकड्या चढतो, प्रवास करतो. आईंना हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

रोग स्नायूत गेला असेल तर सहसा आधी केमो (त्यात सिस्प्लाटिन) आणि मग पिशवी काढणं. पुरुषांत प्रोस्टेटही जातं, बायकांत बरेचदा गर्भाशय, शक्य तिथे आता ते वाचवतात. सिस्प्लाटिनला मूत्रपिंडं धड लागतात, ऐकू नीट यावं लागतं. नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, वय आणि वजन धरून क्लिअरन्स (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात ते) काढायला सांगा. सिस्प्लाटिन जमलं नाही तरी वाट बंद होत नाही. पिशवी राखून पूर्ण खरवडणं, रेडिएशन आणि सोबत हलकी केमो असाही रीतसर मार्ग आहे. गाठ एकच असेल, मूत्रपिंडाला सूज नसेल, सीआयएस पसरलेला नसेल तर तो चांगला चालतो. मला तो मिळण्यासारखा नव्हता. रोग लांब पसरलेल्यांसाठी एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधांची जोडी आलीय, अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस सुरुवातीलाच द्यायचा उपचार म्हणून पूर्ण मान्यता मिळाली. नुसत्या जुन्या केमोपेक्षा तिने लोक बरेच जास्त जगतात. तुम्ही तिथवर नाही, पण ऐकून ठेवा.

पिशवी काढल्यावर लघवी जाणार कुठून? बहुतेकांना इलियल कॉन्ड्युइट करतात. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन त्याचं एक टोक पोटाच्या त्वचेवर आणतात, तो स्टोमा. दुसरा प्रकार निओब्लॅडर, आतड्याचीच नवी पिशवी आत शिवून मूळ मार्गाला जोडायची. बॅग नाही म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण त्या पिशवीला 'भरले' असं सांगता येत नाही, घड्याळ लावून जावं लागतं, रात्री गळतं, काहींना स्वतःच कॅथेटर घालून रिकामी करावी लागते. आतडं लघवीतलं आम्ल परत शोषून घेतं, म्हणून मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर नको म्हणतात. बाबांचं १.५ बघता हे आधीच विचारून टाका, उगाच आशा लावून बसू नका.

बॅगेचं खरं यशापयश ऑपरेशनच्या आधी ठरतं. स्टोमाची जागा पेनने आखून घ्यायची: उभं राहून, बसून, वाकून, नेहमीची पँट घालून. माझी नर्स म्हणाली, खुर्चीत बसा आणि बुटाची लेस बांधा. बसल्यावर पोटाला जिथे घडी पडत होती तिथली खूण तिने पुसली आणि दोन बोटं वर केली. घडीवर बॅगेची चकती चिकटत नाही आणि मग गळतीचं दुष्टचक्र. ही पाच मिनिटं कुणी टाळू पाहिली तर टाळू देऊ नका.

रोजचं म्हणाल तर तोटी उघडून रिकामी करायची, एक तृतीयांश ते अर्धी भरली की लगेच, जड झाली की चकती सुटते. रात्री लांब नळीने मोठी बॅग जोडतो, सलग झोप लागते. (पिशवी असताना रात्रीतून पाच वेळा उठायचो, हे बायकोच आठवण करून देते.) बॅग बदलायची सकाळी उठल्याउठल्या, काही पिण्याआधी, तेव्हा लघवी कमी ठिबकते. त्वचा कोरडी ठणठणीत हवी. पहिले काही आठवडे स्टोमा आकसतो, म्हणून दर वेळी मापून चकती कापायची. लघवीत पांढरे धागे दिसतात, ती आतड्याची चिकट बुळबुळ, पू नव्हे. जड उचलू नका, बाजूला हर्निया होतो. बी१२ अधूनमधून तपासा. आणि शरीरसंबंधावर परिणाम होतो, होतोच. त्याबद्दल ऑपरेशनआधी नवरा-बायको दोघांनी मिळून विचारायचं. नंतर विचारलं की डॉक्टरही जमिनीकडे बघतात.

पाऊलखूण:
अपडेट. दुसऱ्यांदा खरवडलं. या वेळी नमुन्यात स्नायू आहे आणि तो स्वच्छ आहे. जुन्या जागी टी१ चा थोडा अवशेष मिळाला, सीआयएस नाही. स्लाइड्सही दुसरीकडे दाखवल्या, तेच निदान, वेगळा उपप्रकार नाही. दुसरे मत देणाऱ्या डॉक्टरांकडे हे घेऊन गेलो. ते म्हणाले, आता बीसीजीला माझी हरकत नाही, मात्र तीन महिन्यांच्या दुर्बिणीत हाय ग्रेड दिसलं तर पिशवी काढण्याचा विषय पुन्हा टेबलावर. बाबा तयार झालेत. टेकडीवाला, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, लेस बांधण्याचा किस्सा तिने दोनदा वाचायला लावला.

सिगरेटबद्दल बोललो. चिडले. मग पाकीट आणून दिलं. दुसरं कुठे असेल तर माहीत नाही.

एक शंका: प्रोस्टेटमुळे त्यांना तासाभराच्या वर धरवत नाही. दोन तास कसे जमणार? आणि दुर्बीण किती वर्षं?

अबोली:
आमचंही तसंच होतं. आदल्या काही तासांत पाणी-चहा कमी, लघवी जास्त करणारी रक्तदाबाची गोळी असेल तर ती डोसानंतर घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बदलू नका. आत सोडायच्या आधी मूत्राशय पूर्ण रिकामं करून घेतात. मूत्राशय शांत करणारी गोळीही देतात काहींना. एवढं करून तासातच जावं लागलं तर लपवू नका, नर्सला वेळ लिहून ठेवायला सांगा.

दुर्बीण पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. हाय रिस्कमध्ये ती बंद होत नाही. मधे मूत्रपिंड-मूत्रनलिकांचा सीटी पण असतो, कारण अस्तर तिथपर्यंत एकच आहे. पुढची तारीख त्याच दिवशी काउंटरवर घेऊनच बाहेर पडा. आमची एकदा फोनवर घ्यायची राहिली आणि दोन महिने लांबली.